रोजची पोलो, ट्रॅकची पोलो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो, १.० टीएसआय (एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन), सहा गीअरची मॅन्युअल. सोमवार ते शुक्रवार ऑफिस, पावसाळ्यात घाट आणि वर्षातून दोन-चार वेळा रेस ट्रॅक. अशा गाडीत काय बदलावं, कोणत्या क्रमाने आणि काय अजिबात करू नये, याबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं ते खाली आहे. व्हेंटो, रॅपिड किंवा जुनी १.२ टीएसआय असेल तरी बरंचसं लागू पडेल. जिथे फरक आहे तिथे तसं लिहिलं आहे.

पोलोला स्पोर्ट्स कार म्हणायचं का?

दोन सीटवाली, मागच्या चाकांवर चालणारी गाडी हवी असेल तर नाही. पण साधारण ११०० किलो वजन, ११० पीएस, १७५ न्यूटन-मीटर आणि स्वस्तात मिळणारे सुटे भाग एवढं असेल, तर ट्रॅकवर शिकायला आपल्याकडे याहून सोयीची गाडी शोधावी लागते. नावावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

ट्रॅक आहेत तरी कुठे?

पुण्याजवळ मावळात नाणोली आहे. ट्रॅक आखूड आणि वळणावळणांचा आहे, सुरुवातीला तोच बरा. मोठे ट्रॅक दूर आहेत: चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा, कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे आणि अलीकडे झालेला कोॲस्ट, आणि ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध सर्किट.

पुण्याहून इरुंगट्टुकोट्टईला जायचं तर राष्ट्रीय महामार्ग ४८ सोडावाच लागत नाही. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करत हा रस्ता ट्रॅकच्या दारावरून जातो. अंतर एका बाजूने साधारण बाराशे किलोमीटर. म्हणजे ट्रॅकवर दिवसभरात शंभर-सव्वाशे किलोमीटर चालणारी गाडी त्यासाठी रस्त्यावर चोवीसशे किलोमीटर चालते, आणि ज्या टायर-पॅडवर ट्रॅक मारला त्यांच्यावरच घरीही यायचं असतं. पुढची सगळी उत्तरं या एका गोष्टीवरून निघतात.

पहिले पैसे कशावर घालावेत?

ब्रेक ऑइल, ब्रेक पॅड, टायर, अलाइनमेंट. या क्रमाने. त्यानंतर शॉकॲब्सॉर्बर, आणि रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवणं) सर्वांत शेवटी. बहुतेक जण नेमका उलटा क्रम लावतात, कारण रिमॅप दुपारच्या चहापर्यंत होतो आणि सीटमध्ये पाठ दाबली गेली की खर्च वसूल झाल्यासारखा वाटतो. पण सरळ रस्त्यावर दहा-पंधराने वेग वाढला की पुढच्या वळणाला तो मोडायचं काम त्याच जुन्या ब्रेकवर पडतं.

चौथ्या-पाचव्या लॅपला ब्रेक पेडल खाली गेलं. पॅड तर नवे होते. असं का?

ऑइल उकळलं. ब्रेक मारला की गाडीचा वेग नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते. ड्रायव्हरसकट १२०० किलोची गाडी १६० वरून ६० वर आणली की जवळपास दहा लाख ज्यूल उष्णता तयार होते. तीन लिटर गार पाणी उकळीला आणायला एवढीच लागते. आणि हे तीन-चार सेकंदांत, एका वळणाला. त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर पडतो, कारण ब्रेक लावताना वजन पुढे येतं.

ही उष्णता पॅडमधून, पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिस्टनला आणि तिथून ऑइलला लागते. ब्रेक ऑइल (हे खरं तर तेल नसतंच, पण नाव पडलं आहे) हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा नेहमीचा दर्जा) किमान २३० अंशांना उकळतं; ठरावीक ओल शिरल्यावर त्याची मर्यादा १५५ अंशांवर येते. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय फक्त बुडबुडे दाबत राहतो.

दोन लक्षणांत गल्लत करू नका. पेडल मऊ होऊन खोल जात असेल तर दोष ऑइलचा. पेडल दगडासारखं घट्ट आहे, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतो, तर पॅड त्याच्या तापमानाबाहेर गेलं. पहिल्याचा उपाय एक-दोन बाटल्या ऑइल, दुसऱ्याचा वेगळं पॅड. पेडल मऊ होतंय असं वाटताच ते दोनदा पंप करा, लॅप सोडा, गाडी न थांबवता हळू फिरवून थंड करा. ‘अजून एक लॅप’ म्हणणाऱ्यांच्याच गाड्या वाळूत जातात.

मग ऑइल कोणतं, किती आणि कसं बदलायचं?

मोतुल आरबीएफ ६०० हे अनेकांच्या वापरातलं आहे: कोरडं ३१२ अंश, ओल धरल्यावर २०५. पोलोला अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या घ्या. पूर्ण बदलून थोडं उरतं. उरलेलं पुढच्या वर्षासाठी कपाटात ठेवू नका. उघडलेली बाटली स्वतःच ओल ओढते.

गाडी चारही बाजूंनी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर नाही. चाकं काढा. मोठ्या सिरिंजने बोनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डब्यातलं जुनं, चहासारखं झालेलं ऑइल ओढून काढा आणि नवं भरा. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मास्टर सिलिंडरपासून (पेडल ज्यातलं ऑइल दाबतं तो) सर्वांत लांबचं चाक म्हणजे मागचं डावं. तिथून सुरू करा, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. चाकाच्या ब्रेकवर ऑइल बाहेर सोडायचा निपल असतो, त्यावर आधी रिंग पाना चढवा, मग पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक थोड्या ऑइलात बुडवलेल्या बाटलीत. आतला माणूस पेडल दाबून ‘दाबलं’ म्हणतो, बाहेरचा निपल पाव फेरा उघडतो, ऑइल येतं, निपल बंद होतो, मग ‘सोड’. क्रम चुकला की नळीतून हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून.

तीन गोष्टी लोक विसरतात. पहिली, दर आठ-दहा दाबांनंतर डबा पाहणे. पातळी खालच्या रेघेखाली गेली की हवा शिरते, आणि ती एबीएस युनिटपर्यंत गेली तर स्कॅनर लावून पंप चालवल्याशिवाय निघत नाही. दुसरी, जुन्या गाडीत पेडल पार तळाला नेणे. मास्टर सिलिंडरचा जो भाग वर्षानुवर्षं वापरात नव्हता तिथे गंजाची कडा असते, रबर सील तिच्यावर घासून फाटतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. तिसरी, पोलो मॅन्युअलचा क्लच त्याच डब्यातलं ऑइल वापरतो, त्यामुळे क्लचच्या निपलमधूनही जुनं ऑइल काढा.

ऑइल रंगावर सांडलं तर पुसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. ट्रॅकला जाणाऱ्या गाडीत ऑइल दरवर्षी बदला, शक्यतो पावसाळा संपल्यावर.

पॅड कोणते घ्यावेत? रेसिंगचेच घेतले तर?

नको. पूर्ण रेसिंग पॅड थंड असताना धरत नाहीत. सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर पहिल्या ब्रेकला समोर रिक्षा आली की गाडी तुमच्या अंदाजापेक्षा चार हात पुढे जाते. रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी फेरोडो डीएस२५०० सारखं मधल्या वर्गातलं पॅड योग्य. ते थंडही धरतं आणि ५०० अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं. ते चिरचिर आवाज करेल आणि ॲलॉयवर काळी पूड बसेल. हे गृहीत धरा.

नवे पॅड बसवले की ते डिस्कवर ‘बसवायला’ लागतात. मोकळ्या रस्त्यावर, पहाटे, १०० वरून ३० पर्यंत आठ-दहा वेळा जोरात पण चाक न अडकवता ब्रेक लावा. मधे पूर्ण थांबायचं नाही. मग दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून थंड करा. तापलेलं पॅड डिस्कवर दाबून थांबलात तर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि पुढे ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं. लोक याला ‘डिस्क वाकली’ म्हणतात आणि लेथवर टाकतात. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, चिकटलेली असते.

पुढच्या डिस्क मोठ्या कराव्यात का?

पोलोची मूळ पुढची डिस्क २५६ मि.मी. व्यासाची, हवेशीर, २२ मि.मी. जाडीची आहे, १९ वर आली की बदलायची. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, व्हर्नियरने मोजा. वीस मिनिटांच्या सेशनमध्ये (ट्रॅकवर एका वेळी सलग चालवायच्या खेपेत) चांगलं ऑइल आणि पॅड असेल तर ही डिस्क पुरते. रिमॅप केल्यावर, किंवा बुद्धसारख्या लांब सरळ रस्त्यांच्या ट्रॅकवर वारंवार जाणार असाल तर २८८ मि.मी.चा विचार करा. त्याआधी डिस्कमागचा पत्र्याचा पडदा वाकवून हवेला वाट करणं किंवा नळीने हवा नेणं यात कमी पैशात बरंच काम होतं.

मागे ड्रम आहेत म्हणून लाज वाटायचं कारण नाही. मागचे ब्रेक ट्रॅकवर फार थोडं काम करतात. ड्रम साफ ठेवा, लायनर पाहा. मागे डिस्क बसवायचा खर्च टायरवर घाला.

टायरचं माप वाढवायचं किती?

वरच्या मॉडेलवर १९५/५५ आर१६ येतात: रुंदी १९५ मि.मी., भिंत रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची. बाहेरचा व्यास काढा: १६ इंच म्हणजे ४०६ मि.मी., त्यात १९५ चे ५५ टक्के दोनदा, म्हणजे साधारण २१४. बेरीज ६२१ च्या आसपास. २०५/५० आर१६ काढलात तर ६११ येतो, दीड टक्का कमी. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा किंचित जास्त दाखवेल, गीअर जरा आखूड वाटतील, बाकी त्रास नाही. १७ इंची करण्यात ट्रॅकवर फायदा दिसत नाही, वजन वाढतं आणि टायरची भिंत बुटकी झाल्याने पावसाळ्यातल्या खड्ड्यांत रिम वाकतात.

मापापेक्षा रबर महत्त्वाचं. रोजच्या वापराचा, जास्त किलोमीटर देणारा टायर ट्रॅकवर दहा मिनिटांत तापून चिकट होतो, कडांचे तुकडे उडतात. चांगला ‘समर परफॉर्मन्स’ टायर दोन्हींकडे चालतो. सेमी-स्लिक (जवळजवळ गुळगुळीत ट्रॅक-टायर) घ्यायचा मोह आवरा: खंबाटकीत जुलैच्या पावसात साचलेल्या पाण्यावर त्याच्या उथळ खाचा पाणी बाहेर फेकू शकत नाहीत आणि गाडी तरंगते. सेमी-स्लिक हवेच असतील तर दुसऱ्या रिमवर, ट्रेलर किंवा दुसऱ्या गाडीतून.

घेताना भिंतीवरचे चार आकडे बघा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दुकानात तीन वर्षं पडून कडक झालेला ‘नवा’ टायर स्वस्त का दिला, ते तिथे कळतं.

हवा किती ठेवायची?

रस्त्यासाठी दाराजवळच्या किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर असते तेवढी. ट्रॅकवर थंड दाबाला महत्त्व नाही, गरम दाबाला आहे. टायरमधला दाब दर दहा अंशांनी साधारण दीड पीएसआयने वाढतो, त्यामुळे सकाळी ३२ भरलेली हवा चार लॅपनंतर ३८ दाखवते, टायर मधे फुगतो आणि कडा रस्त्याला कमी लागतात.

पद्धत अशी. पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) येताच, पाणी प्यायच्या आधी, चारही टायर मोजा आणि पुढे ३४ ते ३६ पर्यंत उतरवा. मागे दोन पीएसआय जास्त ठेवलेत तर पोलोचं नाक वळणात जरा सहज आत येतं. टायरच्या खांद्यावर आधीच खडूची रेघ ओढून ठेवा. रेघ खांद्यावरच्या छोट्या त्रिकोणी खुणेपर्यंत पुसली गेली तर दाब बरोबर, त्रिकोण ओलांडून भिंतीवर गेली तर कमी, खुणेपर्यंत पोचलीच नाही तर जास्त.

नायट्रोजन भरला की दाब वाढत नाही हे खोटं आहे. कोरडी हवा आणि नायट्रोजन तापमानाला जवळजवळ सारखेच वागतात.

ॲलॉय घेताना कशाची काळजी?

पोलोची मापं: पाच बोल्ट, १०० मि.मी. वर्तुळ, मधलं भोक ५७.१ मि.मी., बोल्ट १४ मि.मी. जाडीचे, १.५ आट्याचे. बाजारातल्या अनेक रिमचं मधलं भोक मोठं असतं आणि फरक भरायला रिंग देतात. ती प्लास्टिकची असेल तर ट्रॅकवरच्या ब्रेकच्या उष्णतेने मऊ होते. ॲल्युमिनियमची मागा.

खरी गडबड बोल्टच्या बुडाची आहे. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचं बूड गोल, वाटीसारखं असतं. बाहेरच्या बहुतेक रिमना शंकूच्या आकाराचं बूड लागतं. गोल बोल्ट शंकूच्या खड्ड्यात घट्ट तर होतो, पण पूर्ण टेकत नाही, फक्त एका कडेवर उभा राहतो. पन्नास किलोमीटरवर तो सैल होतो. तिकडे मूळ रिम लावताना उलट चूक होते. दोन्ही संच वेगळ्या पिशव्यांत ठेवा, पिशवीवर लिहा.

घट्ट १२० न्यूटन-मीटरला, टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोराला क्लिक करणारा पाना), चांदणीच्या क्रमाने. पंक्चरवाल्याला गन लावू देऊ नका. हाताने चढवू दे, शेवटचा क्लिक तुमचा.

गाडी खाली करू का?

किती, ते विचारा. आपल्या पोलोची जमिनीपासूनची उंची सुमारे १६५ मि.मी. आहे. २५ मि.मी. खाली केली तर ट्रॅकवर जाणवण्याएवढा फायदा होतो आणि गावच्या गतिरोधकावरून तिरकी घेऊन निघते. चाळीस केली की चार माणसं आणि डिकीत सामान असताना मागचं टायर आतल्या अस्तराला घासतं, आणि अॅक्सलचा कोन बिघडतो.

नुसत्या स्प्रिंग बदलून मूळ शॉकॲब्सॉर्बर ठेवणं हा सर्वांत जास्त केला जाणारा आणि सर्वांत वाया जाणारा खर्च. स्प्रिंग आखूड आणि कडक झाली, शॉकॲब्सॉर्बर मात्र जुन्या स्प्रिंगच्या हिशेबाने बनलेला. त्याची हालचाल उरत नाही, रबराच्या ठोकळ्यावर आपटत राहतो आणि वळणात खड्डा आला की गाडी उडी मारते. जोडी घ्यायची तर बिल्स्टीन बी१२ सारखी एकत्र जुळवलेली घ्या. पैसे नसतील तर मूळ स्प्रिंग ठेवून फक्त चांगले शॉकॲब्सॉर्बर बसवा. उलटं करू नका.

मागचा जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला वळवायला मदत करतो, हे खरं. पण ओल्या ताम्हिणीत उतारावर, वळणाच्या मध्यात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू सुटते. ज्यांनी ट्रॅकवर हे आधी अनुभवलं नाही त्यांनी हा बार लावू नये.

अलाइनमेंटचे आकडे सांगा.

पुढे कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) उणे दीड ते दोन अंश, टो (वरून पाहता चाकांची तोंडं आत-बाहेर वळणं) शून्य. मूळ गाडीत कॅम्बर जेमतेम अर्ध्या अंशाच्या आसपास असतो, म्हणून वळणात टायरची बाहेरची कडच झिजते. पोलोचा स्ट्रट (शॉकॲब्सॉर्बर-स्प्रिंगचा खांब) चाकाच्या हबमध्ये आवळपट्टीने धरलेला आहे, दोन बोल्टवर नाही; त्यामुळे दुसऱ्या गाड्यांना चालणारे ‘कॅम्बर बोल्ट’ इथे लागत नाहीत, वर कॅम्बर प्लेट बसवावी लागते. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारी तुळई), तिथे काही फिरवता येत नाही.

दोन अंश कॅम्बरने टायर आतून झिजतो अशी भीती दाखवतात. रस्त्यावर टायर खातो तो मुख्यतः चुकलेला टो. अलाइनमेंट ड्रायव्हर बसलेला असताना आणि अर्धी टाकी भरलेली असताना करून घ्या.

रिमॅप करावा का?

१.० टीएसआयचा पहिल्या टप्प्याचा रिमॅप साधारण १३० ते १४० पीएस आणि २०० न्यूटन-मीटरच्या वरचे आकडे सांगून विकला जातो. पोलोच्या एमक्यू२०० गीअरबॉक्सचं नावच त्याची मर्यादा सांगतं: २०० न्यूटन-मीटर. थोडं वर गेल्याने तो लगेच फुटत नाही, पण दुसऱ्या गीअरमधून बाहेर पडताना पूर्ण दाबायची सवय असेल तर बेअरिंगचा आवाज लवकर सुरू होतो. ट्यूनरला सांगा की टॉर्क १९० ते २०० च्या आत ठेव आणि वरच्या आरपीएमवर ताकद टिकव. ट्रॅकवर तेच कामाचं आहे, खालचा झटका नव्हे.

क्लच आधी तपासा: चौथ्या गीअरला २००० आरपीएमवरून पूर्ण दाबा. आरपीएम वेगाच्या पुढे पळाला तर क्लच घसरतोय, रिमॅप त्याला महिन्यात संपवेल.

मॅप कोणत्या ऑक्टेनवर लिहिला आहे हे विचारून लिहून घ्या. एक्सपी१००, पॉवर९९, स्पीड ९७ ही पेट्रोलं मोठ्या शहरांत मिळतात. चित्रदुर्गच्या पुढे टाकी रिकामी होत आली असताना मिळतीलच असं नाही. महामार्गावर साधं पेट्रोल भरावं लागणार असेल तर मॅपही त्याला सोसणारा हवा. आणि मॅप असो-नसो, सहाव्या गीअरला १५०० आरपीएमवर ॲक्सिलरेटर तळाला नेऊ नका. छोट्या टर्बो इंजिनात अशा वेळी इंधन ठिणगीच्या आधीच पेटतं आणि पिस्टनची कडा तुटते. एक गीअर खाली या.

दुसऱ्या सेशनला गाडी मंदावते. टर्बो गेला का?

बहुधा नाही, आत जाणारी हवा तापली. या इंजिनाचा इंटरकूलर (टर्बोने तापवलेली हवा गार करणारा भाग) पुढे बंपरमागे नसतो. तो इनटेक मॅनिफोल्डमध्येच (इंजिनात हवा वाटणाऱ्या नळ्यांत) आहे आणि पाण्याने थंड होतो. त्या पाण्याचा वेगळा पंप आणि वेगळा छोटा रेडिएटर असतो. त्यामुळे दुसऱ्या गाड्यांसारखा ‘मोठा इंटरकूलर’ आणून लावता येत नाही. करण्यासारखं आहे ते फुकट आहे: रेडिएटरच्या जाळ्यांतला चिखल, किडे, प्लास्टिकच्या पिशव्या काढा, कूलंट पातळी पाहा, सेशन पंधरा मिनिटांचं करा, दोन सेशनमध्ये बोनेट उघडं ठेवा. चेन्नईच्या दमट उन्हात सकाळचा पहिला आणि दुसरा सेशनच खरा. दुपारी वेळ सुधारायच्या मागे लागू नका.

इंजिन ऑइल: मॅन्युअलमध्ये छापलेला फोक्सवॅगनचा मंजुरी क्रमांक बाटलीवर दिसला पाहिजे. पातळी वरच्या खुणेला, वर नाही. लांब वळणात ऑइल एका बाजूला जातं, पातळी कमी असेल तर पंप क्षणभर हवा ओढतो. ट्रॅकचं वर्ष असेल तर बदल साडेसात हजारांवर, पंधरा हजारांची वाट पाहू नका.

माझी १.२ जीटी डीएसजी (ऑटोमॅटिक) आहे. चालेल?

तिचा सात गीअरचा डीक्यू२०० गीअरबॉक्स कोरड्या क्लचचा आहे. तो ट्रॅकवर गीअर पकडून धावताना फार तापत नाही. तापतो तो पिटच्या रांगेत इंचाइंचाने सरकताना आणि ‘लाँच’ची (उभ्या गाडीतून पूर्ण ताकदीने झेप घेण्याची) हौस केल्यावर. रांगेत न्यूट्रल करा, दोन गाड्यांएवढी जागा होऊ द्या, मग एकदाच पुढे घ्या. लाँच करू नका. विषय संपला.

सायलेन्सर, आरटीओ आणि विमा?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराचं प्रकरण कलम १९०(२) मध्ये जातं, पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत. पॅड, ऑइल, मूळ मापाचे टायर यांना कोणी हात लावत नाही. कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढलेली गाडी मात्र रस्त्यावर बेकायदा आहेच, शिवाय या इंजिनात त्यातून मिळणारी ताकद नगण्य. मूळ सायलेन्सर राहू द्या.

विम्यात रेसिंग आणि वेग-चाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर रेलिंगला लागली तर खर्च तुमचा. दावा करताना ‘घाटात लागली’ सांगायचा सल्ला कोणी दिला तर त्याचं ऐकू नका. ती फसवणूक आहे आणि सर्व्हेअरला टायर बघून कळतं.

बकेट सीट आणि चार पट्ट्यांचा बेल्ट लावू?

मूळ सीटवर चार पट्ट्यांचा बेल्ट लावला की पोटावरची पट्टी वर ओढली जाते आणि अपघातात शरीर खालून सरकतं. शिवाय गाडी उलटली तर मूळ बेल्ट माणसाला कलू देतो, हा देत नाही, आणि वर छत वाचवायला रोलबार नसतो. रोलबार रस्त्यावर, हेल्मेट नसताना, डोक्याला लागतो. म्हणून दुहेरी वापराच्या गाडीत मूळ सीट आणि मूळ बेल्टच ठेवा. बेल्ट झटका देऊन लॉक करा आणि सीट एक खाच पुढे घेऊन घट्ट व्हा.

ट्रॅकला जाताना डिकीत काय हवं?

टॉर्क रेंच आणि १७ चा सॉकेट, लॉक बोल्टची चावी (ती घरी राहिली की दिवस संपला), चांगला प्रेशर गेज, छोटा कंप्रेसर, एक लिटर इंजिन ऑइल, न उघडलेली ब्रेक ऑइलची बाटली, ब्लीडिंगची नळी, जुने पुढचे पॅड, चाकामागे लावायला लाकडी ठोकळे, पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, पातळ तळव्याचे बूट. सैल पडलेलं काहीही, पाण्याची बाटली आणि पायाखालची मॅटसुद्धा, गाडीतून बाहेर काढून मगच ट्रॅकवर जा.

ओढून न्यायचा हुक आधीच बसवून ठेवा. फोक्सवॅगनचा हुक उलट्या आट्याचा असतो, डावीकडे फिरवला की घट्ट होतो. वाळूत अडकलेल्या गाडीसमोर गुडघ्यावर बसून हे शोधून काढण्यात मजा नाही.

एक सेशन कसं चालवावं?

पहिला लॅप टायर आणि ब्रेक तापवायला, मग तीन-चार जोरात, शेवटचा पूर्ण थंड करायला: ब्रेकला हात न लावता, वरच्या गीअरला. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या ड्रमवर लायनर दाबून ठेवलं तर चिकटतं. गीअरमध्ये ठेवा, ठोकळा लावा. इंजिन एक-दोन मिनिटं चालू ठेवून बंद करा.

पिवळा झेंडा दिसला की ओव्हरटेक बंद, लाल दिसला की वेग उतरवून पिटमध्ये, निळा म्हणजे मागच्याला वाट द्या. मागून नवशिक्या आला तरी द्या.

परत निघण्यापूर्वी काय तपासायचं?

सगळ्यात आधी हवा. ट्रॅकवर गरम टायरमधून उतरवलेली हवा थंड झाल्यावर २७-२८ वर येते, आणि तशीच गाडी घेऊन लोक रात्री महामार्गावर ११० ने निघतात. कमी हवेचा टायर भिंतीतून तापतो आणि फुटतो. टायर हाताला गार लागले की ३२-३३ भरा.

मग बोल्ट पुन्हा १२० ला. पॅड किती उरले ते रिमच्या आऱ्यांमधून टॉर्च मारून पाहा; ४ मि.मी.पेक्षा कमी असतील तर डिकीतले जुने पॅड तिथेच चढवा. डिस्कवर बोट फिरवा (गार झाल्यावर): भोकांपासून किंवा कडेपासून नखाला अडकणारी भेग निघाली असेल तर ती डिस्क संपली. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला ग्रीसचा फवारा दिसतो का बघा, अॅक्सलचं रबरी बूट फाटलं की तो दिसतो. इंजिन ऑइलची पातळी, कूलंट. पेडल दाबून तीस सेकंद धरा; हळूहळू खाली सरकत असेल तर गाडी ट्रकवर चढवा आणि तुम्ही बसने या.